लग्नाचा केक : उंची नव्हे, वजन मोजा

कोलकात्याला केकची जुनी सवय आहे. न्यू मार्केटमधली ‘नाहूम’ बेकरी एका बगदादी ज्यू कुटुंबाने १९०२ मध्ये सुरू केली. पार्क स्ट्रीटवरचे ‘फ्लुरीज’ १९२७ चे, तर मूळच्या गोव्याच्या कुटुंबाची ‘सालदाना’ बेकरी १९३० ची. गोवेकर आणि अँग्लो-इंडियन घरांत लग्नाला केक हवाच. आता इतरांच्या रिसेप्शनलाही तो कापला जातो. हॉल, जेवण आणि कपडे यांचा हिशेब होतो, केकचा मात्र शेवटच्या आठवड्यात ठरतो. तेव्हा भाव करायला वेळ नसतो आणि हातात पैसेही उरलेले नसतात.

किती केक लागेल?

एका पाहुण्याला ५० ग्रॅमचा तुकडा पुरतो. १२० पाहुण्यांना ६ किलो. कोलकात्यात केक बहुधा पौंडावर विकतात. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. म्हणजे साधारण १३ पौंड पुरेत. सुक्या मेव्याचा फ्रूट केक जड असतो, त्याचा तुकडा आणखी लहान चालतो.

दोन पर्यायांचा हिशेब

खालचे दर फक्त समजण्यासाठी धरले आहेत. आपल्या बेकरीचे दर विचारून तेच आकडे घाला.

पहिला पर्याय : सजवलेला तीन मजली केक, २० पौंड, दर ९०० रुपये. एकूण १८,००० रुपये.

दुसरा पर्याय : कापण्यासाठी सजवलेला केक ३ पौंड, दर ९०० (२,७०० रुपये), वाटण्यासाठी त्याच चवीचा साधा केक १० पौंड, दर ५०० (५,००० रुपये). एकूण ७,७०० रुपये.

पोहोचवणे आणि कर यांचे ८०० रुपये दोन्हींत धरले, तर खर्च १८,८०० आणि ८,५०० होतो. फरक १०,३०० रुपयांचा. फोटोत उंची हवी असेल, तर खालचे मजले थर्माकोलचे करून वर आयसिंग देतात. त्याचे किती पडतात, ते वेगळे विचारा.

पैसे कुठून आणाल?

लग्न सहा-सात महिन्यांवर असेल, तर बँकेत ६ महिन्यांचे आवर्ती ठेव (आरडी) खाते उघडा. महिना १,५०० रुपये भरले, तर ९,००० रुपये आणि वर व्याज मिळेल. पोस्टाच्या आरडीची मुदत ५ वर्षांची असते, म्हणून एवढ्या जवळच्या खर्चाला ती सोयीची नाही. हाच १०,३०० चा फरक क्रेडिट कार्डावर ठेवला आणि व्याज महिना ३ टक्के धरले, तर पहिल्याच महिन्यात सुमारे ३०९ रुपये जातील. केक एका संध्याकाळी संपतो, हप्ते मात्र मागे उरतात.

ऑर्डर देताना

• डिसेंबरात ‘बडा दिन’साठी बेकऱ्यांत गर्दी असते. लग्न तेव्हाचे असेल, तर दोन-तीन महिने आधी ठरवा.
• उन्हाळ्यात आणि दमट हवेत क्रीम लवकर वितळते. हॉलला एसी नसेल, तर फ्रूट केक बरा. तो टिकतो, येऊ न शकलेल्यांनाही पाठवता येतो.
• वजन, चव, तारीख, वेळ, पोहोचवण्याचा खर्च आणि कर हे सर्व पावतीवर लिहून घ्या. पावतीवर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक आहे का, तेही पाहा.
• पूर्ण रक्कम आधी देऊ नका. ऑर्डर रद्द केल्यास आगाऊ रकमेपैकी किती परत मिळेल, ते लिहून घ्या.
• पैसे परत घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी तसे सांगितले, तर ती फसवणूक समजा.
• तक्रार मिटली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.

स्वतः करून पाहा

तुमच्या घरच्या कार्याला ८० पाहुणे आहेत. प्रत्येकी ५० ग्रॅम धरून किती पौंड केक लागेल? जवळच्या दोन बेकऱ्यांचे दर घेऊन दोन्ही पर्याय मांडा आणि उरलेल्या महिन्यांनी भागा. येणारी रक्कम दरमहा बाजूला काढता येत असेल, तरच तो केक तुमच्या बजेटात बसतो.