मनी आणि मनीप्लांट

गोंदियाच्या आमच्या घरात एक मांजर आहे. मुलांनो, उर्दूत 'बिल्ली' स्त्रीलिंगी आहे. मराठीत मात्र 'ते मांजर' म्हणतात. आमच्या मांजराचे नाव मनी. नावाने बोलायचे झाले, की 'ती मनी' म्हणायचे.

आमच्या खिडकीत बाटलीतल्या पाण्यात मनीप्लांटची वेल होती. ही वेल मूळची पॅसिफिक महासागरातील मोरिया बेटाची. ती घरात असली की पैसा येतो, असे लोक म्हणतात. शेजारच्या खालांनी आम्हांला तिची फांदी दिली होती. पैसा काही आला नाही. वेल मात्र छतापर्यंत गेली.

एका दुपारी लोंबणाऱ्या पानांशी खेळता खेळता मनीने एक पान चावले. लगेच तिच्या तोंडातून लाळ गळू लागली. ती पंजाने तोंड घासू लागली. दुधालाही तिने तोंड लावले नाही. धाकटी बहीण रडत विचारू लागली, "मनी मरेल का?"

आम्ही मनीला पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तिचे तोंड ओल्या कापडाने पुसले आणि अम्मीला विचारले, "धोप्याच्या वड्यांत तुम्ही चिंच का घालता?"

"नाही घातली तर घसा खाजतो," अम्मी म्हणाली.

"मनीप्लांट धोप्याच्याच कुळातली आहे," डॉक्टर म्हणाले. (पुस्तकात ज्याला अळू म्हणतात, तोच आपला धोपा. सुरणही त्याच कुळातले.) "यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावले की ते जिभेत आणि हिरड्यांत टोचतात. धोपा आपण शिजवून, चिंच घालून खातो. मांजर तर पान कच्चेच चावते!"

यामुळे मांजर सहसा मरत नाही. तोंड इतके झोंबते, की ते दुसरा घास घेतच नाही. उलटी होते, ओठ सुजतात. घसा सुजून श्वास अडू लागला, तर मात्र क्षणभरही थांबू नये. घरी उलटी करवू नये. आपली पॅरासिटामॉलची गोळी तर मुळीच देऊ नये. ती मांजराचा जीव घेते. गुच्छात येणाऱ्या मोठ्या लिलीची गोष्ट याहून भयंकर आहे. तिचे परागकण पोटात गेले, तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

दुसऱ्या दिवशी मनी जेवू लागली. अम्मी वेल टाकायला तयार नव्हती. आम्ही लोंबत्या फांद्या कापून बाटली उंच टांगली. मनी कपाटावर चढून तिथेही पोहोचली! शेवटी वेल खालांकडे परत गेली. त्यांच्याकडे मांजर नाही. आता खिडकीत स्पायडर प्लांटची कुंडी आहे. हे रोप मांजरांना विषारी नाही. मनी त्याची टोके रोज कुरतडते.

"पैसा खालांकडे तरी येऊ दे," अम्मी म्हणते.

स्वाध्याय
१. डॉक्टरांनी अम्मीला चिंचेविषयी का विचारले?
२. तुमच्या घरातील वेलींची नावे मराठीत लिहा.