वटवाघळांचे घर

उर्दूत आपण ज्याला चमगादड म्हणतो, त्याला मराठीत वटवाघूळ म्हणतात. वडाच्या झाडाला उलटी लटकलेली मोठी वटवाघळे तुम्ही पाहिली असतील. ती फळे खातात. परंतु वटवाघळांच्या बहुतेक जाती आकाराने लहान असतात आणि रात्री उडणारे किडे खातात. लोक त्यांना उगीचच अशुभ समजतात.

ही लहान वटवाघळे गुहेत, झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या इमारतीच्या फटीत राहतात. झाड तोडले, फट बुजवली, की ती बेघर होतात. शिवाय बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होते. त्यामुळे एकदा घटलेली संख्या लवकर वाढत नाही.

मग माणसाने त्यांना घर बांधून दिले तर? अमेरिकेत गेन्सव्हिल या शहरात फ्लोरिडा विद्यापीठ आहे. १९८७ साली तेथील एक जुनी इमारत जळाली. तिच्या माळ्यावरची वटवाघळे खेळाच्या मैदानावर गेली आणि प्रेक्षकांच्या बाकांखाली राहू लागली. त्यांच्या विष्ठेचा वास लोकांना सहन होईना. तेव्हा १९९१ साली विद्यापीठाने तळ्याजवळ उंच खांबांवर एक मोठे घर बांधले. वटवाघळे पकडून त्यात सोडली. पण ती तेथे थांबलीच नाहीत! तीन वर्षांहून अधिक काळ ते घर रिकामे होते. अखेर १९९५ साली वटवाघळे आपण होऊन तेथे राहायला आली. पुढे त्यांची संख्या इतकी वाढली, की २००९ साली त्यांच्या भाराने आतील फळ्या कोसळल्या. २०१० साली घर दुरुस्त झाले व शेजारी दुसरेही उभे राहिले. आज तेथे लाखो वटवाघळे आहेत. संध्याकाळी ती बाहेर पडतात, तेव्हा पाहायला लोक जमतात.

एवढे मोठे घर प्रत्येकाला कसे जमणार? म्हणून अनेक देशांत लोक लाकडाची लहान, चपटी पेटी भिंतीवर किंवा खांबावर लावतात. ती जमिनीपासून बारा ते पंधरा फूट उंच असते. तिला खालून तोंड असते. आतील फट जेमतेम दोन सेंटिमीटर ठेवतात आणि आतले लाकूड खडबडीत करतात, म्हणजे वटवाघळांना नखांनी धरता येते.

तुमच्या गावातील जुन्या वाड्यात किंवा मशिदीच्या घुमटात वटवाघळे असतील, तर पिल्ले उडू लागेपर्यंत फटी बुजवू देऊ नका. मात्र जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला कधीही हात लावू नका. त्याच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो. अशा वेळी मोठ्या माणसांना बोलवा.