चालूनही वजन का उतरत नाही?

ताई, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात रोज सकाळी अर्धा तास चालता, घाम गाळता आणि महिन्याने काटा जिथल्या तिथे. मग गटाच्या मीटिंगमध्ये एकच सूर, "काही उपयोग नाही गं."

आधी जमा-खर्च बघू. अर्धा तास भरभर चालून साधारण सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात. परत येताना खाल्लेला एक वडापाव त्याच्या जवळजवळ दुप्पट जमा करतो. पोरांच्या ताटात उरलेला भात आपण संपवतो, तो तर वहीत धरतच नाही!

पण काटाही सगळं सांगत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं उदाहरण २००४ मध्ये छापून आलं. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२! आपल्याकडे बारीक माणसाच्याही पोटात चरबी साठते आणि तिच्यामुळे डायबेटिसचा धोका वाढतो.

म्हणून शिवणाची टेप घ्या. श्वास सोडून, निऱ्या बाजूला सारून पोटाचा घेर मोजा. बायकांचा ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या आत हवा. काटा हलला नाही पण घेर उतरला, तर चालणं कामी येतंय. सोबत सतत थकवा, पाळीत गडबड असेल, तर पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरांना थायरॉईडबद्दल विचारा.

आजचा आकडा बचतीच्या वहीमागे लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजू.