धरलेला मासा सोडायचा कशाला?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत डॅलसला असतो. शनिवार-रविवारची सुट्टी साधून तो आणि त्याचे तीन मित्र लेक फोर्क नावाच्या तळ्यावर बास मासा गरवायला गेले. काठावर खोली घेतली, भाड्याची होडी घेतली, पहाटे अंधारात निघाले. भाच्याच्या गळाला तीन किलोंचा मासा लागला. त्यानं फोटो काढला आणि मासा सोडून दिला! आमच्या घरात यावर दोन दिवस वाद चालू आहे. खायचा नव्हता, तर धरला कशाला?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सोडला नसता तर भाच्याला दंड झाला असता, हे आधी घरी सांगा. लेक फोर्कवर या माशासाठी मापाचा नियम आहे. १६ इंचांपर्यंतचा बास ठेवता येतो आणि २४ इंचांचा किंवा त्याहून मोठा ठेवता येतो. मधल्या मापाचा असेल, तर तो लगेच पाण्यात सोडावा लागतो. माणशी दिवसाला पाच मासे, त्यांत २४ इंचांवरचा एकच. तीन किलोंचा बास साधारण बावीस इंचांचा भरतो, म्हणजे नेमका मधला.

तुमच्याकडे १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, कारण तो माशांच्या विणीचा हंगाम. तिथे तळं वर्षभर खुलं असतं, बंदी असते ती मापावर. हेतू एकच, वीण टिकवण्याचा. बासमध्ये नर फारसे मोठे होत नाहीत, त्यामुळे मोठा मासा बहुधा मादीच असतो. ती वसंतात अंडी घालते. तळाशी खळगा करणं, अंडी राखणं आणि पिल्लं हिंडू लागेपर्यंत पहारा देणं हे सगळं नर करतो. मादीला एवढं वाढायला कित्येक वर्षं लागतात. गाभोळीची चव तुम्हाला माहीत आहेच, पण अशी एक मादी तव्यावर गेली की तळ्याचा पुढच्या अनेक वर्षांचा वाण जातो.

मासा सोडण्याची ही रीत फार जुनी नाही. अलाबामाच्या रे स्कॉट यांनी १९६७ साली बास गरवण्याच्या मोठ्या स्पर्धा सुरू केल्या, तेव्हा धरलेले मासे मरूनच जात. १९७२ पासून त्यांनी आपल्या स्पर्धांमध्ये मासे होडीतच हवा खेळवलेल्या पाण्याच्या टाकीत ठेवून, वजन करून, जिवंत सोडण्याची पद्धत रुजवली. आज होडीवरची ती टाकी नसेल, तर बासवाल्यांना चुकल्यासारखं होतं.

लेक फोर्कचीच एक गोष्ट मला फार आवडते. नोव्हेंबर १९८६ मध्ये मार्क स्टीव्हन्सन या वाटाड्याच्या गळाला १७.६७ पौंडांची, म्हणजे जवळजवळ आठ किलोंची मादी लागली. तो तेव्हाचा टेक्सासचा विक्रम होता. स्टीव्हन्सननी ती मारली नाही, राज्याच्या मत्स्यखात्याच्या हवाली केली. तिचं नाव एथेल पडलं. तिच्यापासून एक योजनाच उभी राहिली : विणीच्या दिवसांत १३ पौंडांहून जड मादी सापडली, तर गरवणारा ती खात्याला उसनी देतो. खातं तिची पिल्लं वाढवून तळ्यांत सोडतं. ‘उसनी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण मादीही पुढे पुन्हा पाण्यात जाते.

आता खाण्याचं. भाच्याला सांगा, १६ इंचांखालचे दोन-तीन बास खुशाल घरी आण. मांस पांढरं असतं आणि चव सौम्य, हळद-तिखट लावून रव्यात घोळवलं की छान लागतं. पुढे तुम्ही गेलात, तर गरवण्याचा परवाना तुम्हालाही काढावा लागेल. सतरा वर्षं पूर्ण झालेल्या पाहुण्यालाही तो लागतो.

प्रश्न : पण गळ लागलेला मासा सोडल्यावर जगतो का?
– त्याच वाचकांचा पुढचा प्रश्न

उत्तर : हाताळणी नीट असली तर बहुतेक वेळा जगतो. हात आधी ओला करावा, कारण कोरड्या हाताला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि तो थर हेच त्याचं रोगापासूनचं कवच. बासचे दात सुरीसारखे नसतात, खरखरीत कागदासारखे असतात. म्हणून अंगठ्यानं खालचा जबडा धरतात. मोठ्या माशाला मात्र दुसऱ्या हातानं पोटाखाली आधार हवाच. नुसता जबड्याला लोंबकळता धरला की इजा होते. गळ घशात खोल गेला असेल तर उपटू नये, दोरा कापावा. कडक उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा फोटोचा हट्टच सोडावा. माझं मत विचाराल तर फोटोसाठी मासा हवेत ताटकळत ठेवणाऱ्यानं गरवायला जाऊच नये.

प्रश्न : हा मासा इतका झुंजार असेल, तर आमच्या गावच्या धरणात आणून सोडता येईल का? पर्यटनही वाढेल.
– एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : नाही. जपाननं काय भोगलं ते पाहा. १९२५ साली अमेरिकेतून आणलेला बास आशी तळ्यात सोडला गेला. पुढे तो देशभर पसरला आणि १९७४ मध्ये बिवा या जपानच्या सर्वांत मोठ्या तळ्यात आढळला. तिथे तो असा फोफावला, की अमेरिकेतल्या जॉर्जियात १९३२ साली झालेल्या २२ पौंड ४ औंसांच्या जागतिक विक्रमाशी २००९ मध्ये बिवातल्याच एका माशानं बरोबरी केली. त्याच काळात बिवाचे मूळचे मासे घटत गेले. भातात आंबवून वर्षानुवर्षं केला जाणारा फुनाझुशी हा तिथला पदार्थ ज्या निगोरोबुना माशाचा करतात, तोही दुर्मीळ झाला. शेवटी २००३ पासून बिवात बास सोडण्यावरच बंदी आली. टेक्सासमध्ये मधल्या मापाचा मासा ठेवला तर दंड होतो आणि बिवात धरलेला परत सोडायला मनाई आहे. तिथे काठावर बास टाकण्यासाठी पेट्या ठेवलेल्या आहेत.

तुमच्या धरणाच्या वरच्या ओढ्यांत सह्याद्रीचे असे छोटे मासे असतील, जे जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. त्यांच्यावर हा शिकारी सोडू नका. गावात कुणी असा बेत करत असेल, तर त्यालाही थांबवा.