पडद्यामागचे हात

मंडळी, गावच्या जत्रेत आपण तमाशा पाहतो. शहरात गेलो तर नाटक पाहतो. नट दिसतो, गाणारीण दिसते. टाळ्या त्यांना मिळतात. पण तंबू कोणी ठोकला? पडदा कोण ओढतो? कपडे कोणी शिवले? गाण्यामागचा तंबोरा कोणी घडवला? ही माणसे आपल्याला दिसत नाहीत. त्यांच्यावाचून मात्र खेळ उभा राहत नाही. आज आपण त्यांच्याविषयी वाचू.

सांगलीचे नाटक

सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना नाटक करायला सांगितले. १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' हे नाटक झाले. म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळतात. भाव्यांनी पदे रचली, नटांना तालीम दिली. लाकडी बाहुल्याही घडवल्या. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी 'शारदा' नाटक लिहिले. तेही नटांना शिकवण्यात मोठे वाकबगार होते. बोलतो नट, पण त्याला बोलते करतो तालीम मास्तर.

मिरजेचा तंबोरा

मिरजेत शिकलगारांची घराणी आहेत. त्यांचा मूळ धंदा तलवारी आणि हत्यारे घडवण्याचा, त्यांना धार लावण्याचा. पुढे हत्यारांची गरज सरली. धंदा बसला. पण हात बसले नाहीत! फरीदसाहेब शिकलगार यांनी तंबोरे आणि सतारी करायला सुरुवात केली. आज दीडशे वर्षांहून अधिक काळ हे काम बापाकडून लेकाकडे चालत आले आहे.

तंबोऱ्याला मोठा कडू भोपळा लागतो. तो पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. भोपळा चांगला वाळवतात, कापतात, आतून साफ करतात. मग त्याला लाकडाची पोकळ दांडी जोडतात. वर नक्षी करतात, तारा चढवतात. शेवटी सर्वांत अवघड काम. तार ज्या घोडीवर टेकते, ती घोडी हलक्या हाताने घासायची. याला जवारी काढणे म्हणतात. जवारी बरोबर निघाली की तार गुंजते. जास्त घासली की घोडी वाया. हे काम पुस्तकात वाचून येत नाही. उस्तादाजवळ वर्षानुवर्षे बसावे लागते. पण एकदा आले की म्हातारपणापर्यंत सोबत करते.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसरीकडच्या मालाला 'मिरजेचा' म्हणून विकता येणार नाही.

साताऱ्याचा घाट

आता थोडे वर चला. १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याला दक्षिण सातारा म्हणत. त्यामुळे सातारा काही परका नव्हे. तिथे वाईजवळ कृष्णाकाठी मेणवली गाव आहे. तिथल्या घाटावर चित्रपट काढतात. २००४ साली आलेल्या 'स्वदेस' चित्रपटाचे चित्रण तिथे झाले. चित्रपटाला नट लागतात थोडे, कामकरी लागतात पुष्कळ. सुतार, रंगारी, शिंपी, दिवेवाला, ड्रायव्हर, स्वयंपाकी. ही कामे आपल्या माणसांना येतात. जो वेळेवर येतो आणि काम चोख करतो, त्याला पुन्हा बोलावणे येते.

कागद हातात असू द्या

या धंद्यात एक धोका आहे. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा महाराष्ट्रभर गाजला. अशा फडांचा हंगाम साधारण दसऱ्याला सुरू होतो आणि उन्हाळ्यातल्या जत्रांपर्यंत चालतो. पावसाळ्यात काम नसते. मग गडी मालकाकडून उचल घेतात आणि हंगामात ती फेडतात.

आम्ही एक तंबूवाला पाहिला आहे. वीस वर्षे त्याने एका फडाचे खांब रोवले. त्याची उचल किती, फिटली किती, हे सारे मालकाच्या वहीत. याला वाचता येईना. मालक म्हणेल तो आकडा, आणि याने अंगठा उमटवायचा. गुडघे गेले तेव्हा कामही गेले. हातात ना पैसा, ना कागद.

म्हणून आम्ही सांगतो, कामाला लागताना चार गोष्टी करा.

१. एक कसब पुरते शिका.
२. मजुरी किती, कामाचे दिवस किती, हे लिहून घ्या. वाचून मगच सही करा.
३. उचल घ्याल त्या दिवशी आपल्या वहीतही मांडा.
४. हंगामात थोडे पैसे पोस्टात किंवा बँकेत टाका. पावसाळा दरवर्षी येतो, म्हातारपणही येतेच.

तुम्ही आता अक्षरे शिकलात. पडद्यामागच्या माणसाला टाळी मिळो न मिळो, त्याच्या घामाचा दाम त्याला मिळालाच पाहिजे. तो मोजून घेणे आता तुमच्या हातात आहे.

नवे शब्द
तालीम – सराव, शिकवण
वाकबगार – कामात तरबेज
कसब – हातातले कौशल्य
उचल – आगाऊ घेतलेली रक्कम

प्रश्न
१. जवारी काढणे म्हणजे काय?
२. शिकलगारांनी धंदा बसल्यावर काय केले?
३. तंबूवाल्याने कोणती वही ठेवायला हवी होती? तशी एक वही आजच घाला.