इंग्रजी क्रियापद आणि आपले मराठी मन

इंग्रजीच्या तासाला आपल्या वर्गात जी शांतता पसरते ती सर्वांच्या परिचयाची आहे. प्राध्यापक प्रश्न विचारतात, उत्तर पुष्कळांना ठाऊक असते. परंतु उभे राहण्याचे धाडस दोघाचौघांनाच होते. उरलेल्यांना भीती असते ती विषयाची नव्हे, क्रियापदाची. नाम सापडते, विशेषण सापडते. पण ‘वेंट’, ‘हॅज गॉन’ आणि ‘हॅड गॉन’ यांतले नेमके कोणते घ्यावे येथे गाडी अडते. मग हसे करून घेण्यापेक्षा गप्प बसलेले बरे असे वाटते. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यासारख्यांच्या बाबतीत हे मौन पुढे नोकरीच्या मुलाखतीपर्यंत सोबत येते.

या वर्षी मित्रमैत्रिणींनी क्रियापदांविषयी वेळोवेळी विचारलेले प्रश्न मी एका वहीत टिपून ठेवले. ते एकत्र वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या बहुतेक चुका वाटेल तेथे होत नाहीत; त्या ठराविक जागीच होतात, आणि त्या जागी मराठीची वाट एकीकडे व इंग्रजीची दुसरीकडे जाते. म्हणजे ही चूक अडाणीपणाची नसून मराठीच्या व्याकरणाशी राखलेल्या इमानाची असते. म्हणून येथे इंग्रजीचे नियम पुन्हा न देता, त्या वाटा कोठे फुटतात एवढेच दाखविण्याचा विचार आहे.

आरंभी एक गोष्ट मनात पक्की करू. व्याकरणातला काळ आणि घड्याळातली वेळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आईने हाक मारताच ‘आलो, आलो!’ म्हणणारा मुलगा अजून जागचा हललेलाही नसतो; तरी रूप भूतकाळाचे. ‘मी उद्या मुंबईला जातो’ येथे गोष्ट उद्याची, रूप वर्तमानाचे. आपण हे सहज बोलतो. प्रत्येक भाषेने काळाची वाटणी आपापल्या रीतीने केलेली असते, एवढाच याचा अर्थ.

प्रश्न पहिला : ‘काल मी पुण्याला गेलो होतो’ याचे इंग्रजी काय?

वहीत हा प्रश्न सर्वांत अधिक वेळा आला आहे. मराठीत ‘होतो’ आहे, म्हणून इंग्रजीत ‘हॅड’ घालून ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टरडे’ असे वाक्य तयार होते. परंतु मराठीतला ‘होतो’ केवळ ‘जाऊन परत आलो, ती गोष्ट संपली’ एवढे सांगतो. इंग्रजीतल्या ‘हॅड’ला मात्र जोडीदार लागतो. भूतकाळातल्या दोन घटनांपैकी अगोदरची कोणती, हे दाखविणे हे त्याचे काम. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ : मी पोहोचण्याअगोदर गाडी गेली. जेथे अशी दुसरी घटना सांगितलेली किंवा मनात धरलेली नाही, तेथे साधे ‘आय वेंट टु पुणे यस्टरडे’ पुरते.

याचेच भावंड म्हणजे ‘मी त्यांना काल पाहिले आहे’. मराठीत हे वाक्य निर्दोष आहे. इंग्रजीत मात्र ‘हॅव सीन’ आणि ‘यस्टरडे’ यांचे पटत नाही. ‘हॅव’चा धागा आजच्या क्षणाशी बांधलेला असतो, ‘काल’ म्हटले की तो तुटतो. तेव्हा ‘आय सॉ हिम यस्टरडे’ म्हणावे.

प्रश्न दुसरा : ‘आय ॲम नोइंग’ का चालत नाही?

‘मला ठाऊक आहे’ यातला ‘आहे’ ‘ॲम’ होऊन उतरतो. शिवाय ‘मला आठवते आहे’, ‘मला समजते आहे’ अशी चालू काळाची रूपे मराठीत मोकळेपणाने वापरली जातात. इंग्रजी येथे कृती आणि स्थिती असा भेद करते. धावणे, लिहिणे या कृती घडत असतात. त्यांना ‘इंग’ लागते. ठाऊक असणे, मालकीचे असणे या स्थिती केवळ असतात. म्हणून ‘आय नो’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’.

परंतु ‘हॅव’ला ‘इंग’ कधीच लागत नाही, असे पाठ करू नये. ‘वुई आर हॅविंग लंच’ हे अगदी बरोबर आहे, कारण तेथे ‘हॅव’ म्हणजे जेवणे, आणि जेवणे ही कृती आहे. शब्दाकडे न पाहता त्या वाक्यातल्या अर्थाकडे पाहावे.

ही सवय केवळ मराठी माणसाची नाही. भारतातल्या इतर अनेक भाषा बोलणारेही असेच बोलतात. मुंबईचे इंग्रजी कवी निसीम इझिकेल यांनी ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही संपूर्ण कविता अशा ‘इंग’मय बोलीत लिहिली आहे. ती वाचून आपण हसतो, आणि ते हसू थोडेसे स्वतःवरचेही असते.

प्रश्न तिसरा : ‘पाच वर्षांपासून’ म्हणजे ‘सिन्स’ की ‘फॉर’?

मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ या दोन्हींना एकच ‘पासून’ पुरतो. इंग्रजीत आरंभाचा बिंदू सांगताना ‘सिन्स’ आणि लांबी सांगताना ‘फॉर’ येतो. दुसरे असे, की आपण ‘राहतो’ असे वर्तमानकाळी म्हणतो; इंग्रजीला मात्र मागून आजपर्यंत आलेली रेघ क्रियापदातही दिसावी लागते. म्हणून ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ नव्हे, तर ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’.

प्रश्न चौथा : ‘ही डिड नॉट वेंट’ यात चूक कोठे?

‘तो गेला नाही’ यात भूतकाळ ‘गेला’मध्ये आहे, म्हणून आपण ‘वेंट’ सोडायला तयार नसतो. इंग्रजीत नकार आला की काळाचे ओझे ‘डिड’ उचलतो; मग मुख्य क्रियापद रिकाम्या हाताने चालते : ‘ही डिड नॉट गो’. हा प्रकार आपल्याला परका वाटतो, पण तो तसा नाही. ‘तो जातो’ याचा नकार ‘तो जात नाही’ असा होतो. ‘जातो’चा प्रत्यय गळून ‘जात’ उरतो, आणि बदल ‘नाही’कडे जातो : ते जात नाहीत. ‘ही गोज’चे ‘ही डझ नॉट गो’ नेमके असेच होते. ‘गोज’च्या शेवटचा प्रत्यय उठून ‘डझ’मध्ये जाऊन बसतो. जी युक्ती आपली जीभ दिवसातून शंभरदा करते, तीच येथे एक पाऊल पुढे न्यायची आहे.

प्रश्न पाचवा : ‘तो येईल तेव्हा मी सांगेन’ यात दोनदा ‘विल’ का नको?

मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ आहे. इंग्रजीत ‘जेव्हा’ आणि ‘जर’ यांच्या वाक्यांशात भविष्याचे रूप सहसा टाळतात : ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’. येथेही मराठीचा आधार घेता येतो. ‘पाऊस आला तर सामना होणार नाही’ असे म्हणताना पाऊस उद्याचा असूनही आपण ‘येईल’ म्हणत नाही. म्हणजे अटीच्या वाक्यात भविष्य बाजूला ठेवण्याची रीत आपल्याकडेही आहे. आपण तेथे भूतकाळाचे रूप घेतो, इंग्रजी वर्तमानाचे घेते.

जाता जाता विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याचे एक क्रियापद. आपण परीक्षा ‘देतो’ आणि शिक्षक ती ‘घेतात’. इंग्रजीत हे उलटे आहे : विद्यार्थी ती ‘टेक’ करतो आणि शिक्षक ‘गिव्ह’ करतो. ‘गिव्हिंग ॲन एक्झाम’ हा प्रयोग भारतात सर्रास ऐकू येतो. परंतु बाहेरच्या माणसाने तो ऐकला तर समोर बसलेल्याला तो प्राध्यापक समजेल!

या सर्वांतून निघणारा बोध साधा आहे. इंग्रजी सुधारण्यासाठी मराठी विसरण्याची गरज नाही. उलट ती अधिक डोळसपणे पाहण्याची गरज आहे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. क्रियापदाचा त्यातला विस्तृत विचार इंग्रजीच्या विद्यार्थ्यानेही अवश्य चाळावा. रोज मराठीतली पाच वाक्ये घ्यावीत आणि इंग्रजी करण्यापूर्वी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत. ही कृती आहे की स्थिती? ती संपली की आजपर्यंत पोहोचली? आणि काळाचे ओझे कोणत्या शब्दावर आहे? महिनाभरात फरक जाणवू लागेल.

आणि पुढच्या तासाला उत्तर ठाऊक असेल तर उभे राहावे. क्रियापद चुकलेच तर ते कोणत्या वाटेने चुकले हे आता आपल्याला सांगता येईल. आणि ज्या चुकीचे कारण सांगता येते, तिची भीती फार दिवस टिकत नाही.