तोंड आले तर तारीख लिहून ठेवा



उसाची लागण झाली की आपण गट कार्यालयात तारीख नोंदवतो. खताचा हप्ता कधी द्यायचा, तोड कधी येईल, हे आपल्याला तोंडपाठ असते. पण गालाच्या आत फोड येऊन किती दिवस झाले असे विचारले, तर "झाले असतील आठ-पंधरा दिवस" याच्यापुढे उत्तर मिळत नाही. आम्हांला या लेखात मुख्यतः हेच सांगायचे आहे की, तोंड आले तर त्याचीही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

साधे तोंड येणे

ओठाच्या किंवा गालाच्या आत, जिभेच्या कडेला पांढरट-पिवळट बारीक खड्डा पडतो. भोवती लाल कडा असते. तिखट लागले की डोळ्यांत पाणी येते. आपल्याकडे याला "उष्णता झाली" म्हणतात. खरी कारणे बरीच आहेत. गाल दाताखाली येणे, ऊस दाताने सोलताना सालाची धार लागणे, तुटक्या दाताची कड घासणे, जागरण, काळजी. वरचेवर तोंड येत असेल तर रक्तात लोह, ब-१२ जीवनसत्त्व किंवा फॉलिक आम्ल कमी आहे का, हे तपासून घ्यावे. असा साधा फोड सात ते चौदा दिवसांत आपोआप भरून येतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

घरी काय करावे

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात व पाणी थुंकून टाकावे. तिखट, आंबट, कढत पदार्थ काही दिवस बंद ठेवावेत. दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ भात, केळे खावे. पाणी भरपूर प्यावे. दात मऊ ब्रशने घासावेत. साजूक तूप लावल्याने बरे वाटते. जाईचा पाला चावणारे बरेच आहेत. त्याला आमची हरकत नाही, मात्र त्याच्या भरवशावर दिवस ढकलू नयेत.

काय करू नये

फोडावर डोकेदुखीची गोळी दाबून धरू नये, आतली कातडी भाजते. चुना किंवा मिश्री लावू नये. लहान मुलांच्या तोंडात टाकणखार लावू नये, तो पोटात गेल्यास अपाय होतो. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. आणि फवारणी पंपाचे नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये.

न दुखणारी जखम

आता महत्त्वाचे. साधा फोड दुखतो, म्हणून माणूस घाबरतो. तोंडाच्या कर्करोगाची जखम मात्र सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. "दुखत नाही ना, मग डॉक्टर कशाला? हंगाम संपल्यावर बघू," असे म्हणत चार महिने निघून जातात. तंबाखूचा बार जिथे धरतो त्याच जागी पांढरा किंवा लाल चट्टा येतो, आणि त्याकडे दुर्लक्ष होते. आपल्या घरातील आया-बहिणी मिश्री लावतात, त्यांनाही हाच धोका आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पुड्या अजून दिसतात. "मी नुसती सुपारी खातो" असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. सुपारीने तोंडाची कातडी आतून ताठर होते व तोंड उघडेनासे होते. आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हे पाहावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

१. दोन आठवडे होऊनही जखम भरली नाही, मग ती दुखो वा न दुखो.
२. पांढरा किंवा लाल चट्टा जात नाही, गाठ लागते, रक्त येते.
३. तोंड कमी उघडते, गिळताना अडते, जीभ किंवा ओठ बधिर वाटतो.
४. मानेत गाठ आली, किंवा दात विनाकारण हलू लागला.
५. मधुमेह असून तोंडात पांढरा थर धरतो.

यातील शेवटच्या चार गोष्टींत चौदा दिवस मोजत बसू नये. तसेच ताप असेल, पाणीही पिता येत नसेल, किंवा लहान मुलाची लघवी कमी झाली असेल, तर त्याच दिवशी जावे.

प्रथम दंतवैद्य किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. तेथून गरजेप्रमाणे पुढे पाठवतात. जखमेचा बारीक तुकडा काढून तपासायला सांगितले तर भिऊ नये. तुकडा काढल्याने रोग पसरतो हा गैरसमज आहे. रोग लवकर सापडला तर लहान शस्त्रक्रियेवर भागते. उशीर झाला तर जबडा काढावा लागण्याची पाळी येते. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. त्याची चौकशी योजनेतील रुग्णालयात करावी.

महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून गाल, जीभ, जिभेखालची जागा पाहावी. आपल्या फडात तोडणीला आलेल्या मजुरांनाही हे सांगावे. त्यांच्याकडे कॅलेंडर नसेल, तर त्यांची तारीख आपल्या कॅलेंडरवर लिहावी. पंधराव्या दिवशी जखम तशीच असेल, तर फडातले काम दुसऱ्यावर सोपवून दवाखान्याची वाट धरावी, एवढीच आमची विनंती.